बुवाने दाढी काढली

त्या जिन्यात एका वेळी एकच माणूस मावायचा. मी वरून उतरत होते, तो खालून चढत होता, आणि त्याच्या पाठीवर त्याच्याच उंचीची गिटारची पेटी होती. बाहेर पाऊस कोसळत होता. त्याच्या दाढीतलं पाणी थेट माझ्या चपलांवर ठिबकत होतं.

"तुम्ही जरा मागे जाल का?" त्याने विचारलं.

"मी अर्ध्याहून जास्त उतरलेय."

"माझ्या पाठीवर ओझं आहे हो."

"ते दिसतंय. आणि तुमच्या शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलंय, तेही दिसतंय."

त्याने मान खाली घालून पाहिलं आणि इतकं मोकळं हसला, की माझा राग वाटेतच विरघळला. "सगळ्यांकडे असंच बघता?"

"पोटासाठी बघते," मी म्हटलं आणि मुकाट्याने पुन्हा वर चढले. पहिली माघार मीच घेतली, हे इथेच कबूल करते.

पोटासाठी म्हणजे खरंच पोटासाठी. सिनेमाचे तुकडे मागेपुढे चित्रित होतात. सकाळी ग्लास अर्धा भरलेला असेल, तर संध्याकाळच्या तुकड्यातही तो अर्धाच भरलेला दिसायला हवा. हे सांभाळणं माझं काम. त्याला कंटिन्युइटी म्हणतात. आजवर मी दुसऱ्यांच्या हाताखाली केलं होतं. या शॉर्ट फिल्ममध्ये पहिल्यांदाच सगळं माझ्या एकटीवर होतं. ती धड पार पडली तर पुढचं काम मिळणार होतं, नाही तर पुन्हा कुणाच्या तरी मागे पेन घेऊन उभं राहायचं.

आणि जिन्यातला तो माणूस निघाला फिल्मचा नायक. कुठल्याही कंपनीच्या दावणीला न बांधलेला चार जणांचा रॉक बँड, त्यात हा बास गिटार वाजवायचा. दाढीमुळे सगळे त्याला बुवा म्हणत. त्यांच्या नव्या अल्बमच्या प्रत्येक गाण्यात बाहेरचा एक पाहुणा होता: शाळेतल्या संगीताच्या बाई, निवृत्त झालेले एक क्लॅरिनेटवाले काका, आणि ड्रमरची वहिनी, जी तोपर्यंत फक्त स्वयंपाकघरात गायची. ही सगळी गाणी फिल्ममध्ये एकाच इमारतीच्या बंद दारांआडून ऐकू येतात. बुवा तिथला एकटा भाडेकरू. शेवटच्या गाण्याला तो खोलीला कुलूप लावतो आणि निघून जातो. त्या शेवटच्या गाण्याला मात्र पाहुणाच मिळत नव्हता.

बुवा वाजवायचा झकास, पण बाहीच्या बाबतीत कमालीचा ढ. आधीच्या शॉटमध्ये उजवी बाही दुमडलेली असेल, तर पुढच्यात हमखास डावी. घड्याळ या हातावरून त्या हातावर जायचं. मी दर वेळी धावत जायचे. तो शाळेतल्या पोरासारखा हात पुढे करायचा.

"अख्खं गाणं पाठ राहतं, बाही नाही राहत?"

"बाहीसाठी तुम्ही आहात ना..."

मी बाही दुमडायचे आणि तो श्वास रोखून उभा राहायचा. मला तो आवडायला लागला होता. पण सांगणार कसं? माझी नजर कुणावर पडली की त्या माणसाला वाटतं, आपलं काहीतरी चुकलंय.

मग तो दाढीचा घोळ झाला. एका दृश्यात ड्रमरला म्हातारा पहारेकरी करायचं होतं आणि त्याला चिकटवलेली दाढी सारखी सुटत होती. मेकअप करणाऱ्या मावशी, म्हणजे सख्ख्या कुणाच्याच नाहीत पण आम्हा सगळ्यांच्याच, डिंक लावून थकल्या. मी वैतागून म्हटलं, "काढून टाका हो मावशी ती दाढी. चांगला चेहरा उगाच झाकला जातोय. बिनदाढीचा मला तरी जास्त आवडेल." भिंतीला कान असतात, तर पडद्याला का नसावेत? पडद्यापलीकडे कुणी शर्ट बदलत होतं, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी बुवा आला तो गुळगुळीत.

एकच सीन उरला होता. तोही नायकाच्या चेहऱ्याचा, अगदी जवळून. दिग्दर्शिका ताई खुर्चीत बसली ती उठेचना. दाढी वाढेपर्यंत थांबायची सोय नव्हती; खोली त्या संध्याकाळी मालकाला परत करायची होती आणि अल्बमच्या कार्यक्रमासाठी सभागृह ठरलेलं होतं. कंटिन्युइटी कोणाकडे आहे, एवढंच तिने थंडपणे विचारलं. मी काय त्याच्या गालांवर पहारा बसवणार होते? पण या धंद्यात त्याचं उत्तर 'हो' असंच असतं. मावशींनी ड्रमरची दाढी त्याला लावून पाहिली, तर तो शाळेच्या नाटकातला दरोडेखोर दिसायला लागला. हातातलं काम गेलंच, असं मी धरून चालले.

मी त्याला बाजूला ओढलं. "एक सीन उरला होता. एक! हे करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्ही."

"मी?"

"पडद्यामागे होतो. बिनदाढीचा जास्त आवडेल, असं म्हणालात..."

"अहो, ते ड्रमरच्या दाढीबद्दल!"

आता चेहऱ्यावर काहीच झाकलेलं नव्हतं, त्यामुळे तो पडलेला मला स्पष्ट दिसला. "अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे... माझ्याबद्दल नव्हतंच ते." आणि उगाच हनुवटी चोळत राहिला.

रागावायला हवं होतं. पण एवढं संकट डोक्यावर असताना माझ्या मनात लाडू फुटत होते. या वेड्याने माझ्यासाठी दाढी काढली होती! आणि त्याच्या त्या चोळणाऱ्या हाताकडे बघता बघता मला सुचलं.

मी तशीच ताईकडे गेले. मावशींच्या पेटीत दाढीचा फेस आहे, म्हटलं. तोंडाला फेस लावला की आत दाढी आहे की नाही, कोण ओळखणार? आरशासमोर वस्तरा फिरेल, फेस जाईल, चेहरा बाहेर येईल.

ताई म्हणाली, पण तो तर घर सोडून चाललाय.

"चाललेला माणूस दाढी कशाला करेल, ताई? कुणी येणार असेल तर करतो."

ती हळूच हसली आणि म्हणाली, की ठीक, पण येणार कोण? नटी आणायला वेळ नव्हता. मी म्हटलं, नटी कशाला, दारावर थाप मारायला एक हात पुरे. एवढं बोलले आणि लक्षात आलं, की सगळे माझ्याकडेच बघताहेत. मावशींनी तर माझ्या मनगटावरचं घड्याळ सोडवायलाही घेतलं होतं.

"शेवटच्या गाण्याला पाहुणा मिळाला," बुवा पुटपुटला. मग कामाच्या आवाजात त्याने मला समजावलं, की बास थांबला की एक श्वास घ्यायचा, आणि मग थाप.

फेसाचा शॉट पहिल्याच फटक्यात झाला. माझ्या जिवात जीव आला. मग त्याने शर्ट चढवला, मी स्वतः सगळी बटणं तपासली, आणि त्याला आत ठेवून दार लावलं.

स्पीकरवर गाणं सुरू झालं. बास खोल, खोल जात थांबला. मी श्वास घेतला आणि थाप दिली.

दार उघडलं. समोर तो. आणि शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात.

'थांबा' म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. ते माझं कामच होतं. पण तो बटणाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, गालाच्या कडेला थोडासा फेस राहिलेला. आणि त्या सगळ्या बाह्या, ते इकडून तिकडे जाणारं घड्याळ, सगळं मला एकदम कळलं. मी थांबा म्हटलं नाही. माझा हात आपोआप पुढे गेला, बटण काढलं, त्याच्या जागी लावलं. कॅमेरा चालूच होता. गाणं संपेपर्यंत ताईने कट म्हटलं नाही.

फिल्म आता तिथेच संपते. अल्बमवर शेवटच्या गाण्यापुढे 'पाहुणी: दारावरची थाप' असं छापलंय. त्या संध्याकाळी ताईने जाता जाता पुढच्या फिल्मच्या तारखा माझ्या हातात दिल्या. मावशी पेटी बंद करत म्हणाल्या, "जगाची बटणं दिसतात हिला, आणि हे दिसलं नाही. काखेत कळसा न् गावाला वळसा."

सगळे सामान उतरवत असताना मी त्याला जिन्यात गाठलं. या वेळी आम्ही दोघंही उतरत होतो आणि तरी वाट अडली होती.

"सगळं मुद्दाम करत होतास?" मी विचारलं. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, कळलंच नाही.

"तू जवळ येणार कशी, नाही तर?" तो म्हणाला. मग थोडा थांबला, बिनदाढीच्या गालावर लाली चढली. "पण या जिन्यातलं पहिलं बटण... ते खरंच चुकलं होतं."