बत्त्यासाठी तण

जे न लावता उगवतं त्याला तण म्हणतात, हे कुणीही सांगेल. मग तेच तण आपण विकतची माती आणून, पाणी घालून, अगदी हातापाया पडून लावलं, तर उगवायला का तयार नसतं? गेल्या हिवाळ्यात या प्रश्नाने माझं डोकं पार उठवलं होतं.

मी मृण्मयी. आई समुद्रातल्या पवनचक्क्यांची इंजिनियर आहे, म्हणून आम्ही दोघी नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला राहतो. इथे हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. आमच्याकडे दोन कासवं आहेत, खल आणि बत्ता. ती उष्ण देशातल्या जातीची, त्यामुळे हिवाळी झोप (थंडीत शरीर जवळजवळ बंद करून पडून राहणं) त्यांना माहीतच नाही. त्यांना रोज खायला लागतं.

उन्हाळ्यात काही प्रश्न नसतो. अंगणात डँडेलियन माजलेलं असतं, आपल्याकडच्या पाथरीच्या भाजीसारखं दिसणारं. हिवाळ्यात मात्र आम्ही दुकानातलं सॅलड देत होतो. आणि बत्त्याच्या कवचाची कड मऊ पडली.

"सॅलड म्हणजे निव्वळ पाणी," प्राण्यांच्या डॉक्टर इंग्रिड म्हणाल्या. कवचासाठी त्यांनी दिलेली पावडर बत्त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. "सूर्य परत दिसेल त्या आठवड्यात पुन्हा तपासते. तोवर फरक पडला नाही, तर दोघांना दक्षिणेकडच्या कासवघरात पाठवावं लागेल." आईने दुसऱ्याच दिवशी प्रवासाचं खोकं आणून दारात ठेवलं. मला त्या खोक्याचा इतका राग यायचा की येता-जाता मी त्याला लाथ घालायचे.

तेवढ्यात आजोबा आले. आईचे बाबा, प्राध्यापक भालचंद्र तुंगारे. राहुरीकडे राहतात. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं, तण मारायचं. त्यांनी बनवलेला निंदणीचा रोबो 'खुरप्या' ते सोबत घेऊनच फिरतात. तो मांजराएवढा आहे, त्याला सहा पाय आणि एक चिमटा आहे. आल्या आल्या मी आजोबांना म्हटलं, आपण घरातच डँडेलियन पिकवू या.

"घ्या! जन्मभर उपटलं, आता म्हातारपणी पेरा म्हणताय," आजोबा म्हणाले. पण बाह्या सरसावून ते कामाला लागलेच. काम करताना मला समजावत होते. "कवच म्हणजे हाडच, मृणू. हाडाला कॅल्शियम (हाडं-दात टणक करणारं द्रव्य) लागतं. डँडेलियनच्या पानात ते सॅलडपेक्षा कितीतरी जास्त असतं. पण ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि ते कातडीत तयार होतं अतिनील किरणांनी (उन्हातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी)."

"त्या किरणांचा दिवा कासवांच्या खोलीत आहेच," मी म्हटलं.

"मग उरलं फक्त जेवण."

आमच्या न्हाणीघरात झाडांचे दिवे टांगले. शरद ऋतूत मी बरणीत भरून ठेवलेलं बी काढलं. तेवढ्यात मला सणसणीत शिंक आली आणि निम्मं बी म्हाताऱ्या उडाव्यात तसं खोलीभर उडालं. "अगं बये!" आजोबा ओरडले. उरलेल्यातलं बरंचसं बी त्यांनी ट्रेमधल्या मातीत ज्वारी पेरावी तसं पेरलं, बोटाची दोन पेरं खोल. वरून माती सारखी केली आणि तळहाताने थोपटली.

पण काही उगवलं नाही. आजोबांनी पाणी वाढवलं, मग कमी केलं. खत घातलं. मी रोज शाळेतून आले की दप्तरासकट न्हाणीघरात घुसायचे. ट्रेमध्ये नुसती काळी माती. बत्ता दिव्याखाली डोळे मिटून पडलेला असायचा. एकदा मी त्याला मांडीवर घेऊन खूप रडले. मला तो कुठेही जायला नको होता.

एका शनिवारी खुरप्या न्हाणीघरातून ओरडला, "तण आढळले. काढू का?"

मी आणि आजोबा एकमेकांकडे बघतच राहिलो. मग धावलो. खुरप्या ट्रेपाशी नव्हताच. तो बेसिनखालच्या काथ्याच्या पायपुसण्यावर उभा होता. नळ गळून ते कायम ओलं असायचं, आणि कडेच्या दिव्याचा उजेड थेट त्यावर पडायचा. काथ्यातून बारीक हिरव्या पानांच्या जोड्या वर आल्या होत्या. चिमटा त्यांच्यावर आला होता.

"नको!" मी किंचाळले आणि त्याला उचलूनच धरलं. सहाही पाय हवेत हलत राहिले.

"माझ्या शिंकेचं बी!" मी म्हटलं. "पण आजोबा, ना माती, ना खत. इथेच कसं उगवलं?"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! तीस वर्षं मी शेतकऱ्यांना सांगत आलो की तणाचं बी खोल गाडा, म्हणजे ते उगवत नाही. आणि इथे स्वतःच्या हाताने गाडून वर पाणी घालत बसलो!"

"पण ज्वारी तर उगवते ना खोल?"

"ज्वारीचा दाणा मोठा. त्याचा डबा भरलेला असतो. अंधारातून वर येईपर्यंत ती शिदोरी पुरते. हे बी इवलंसं, याचा डबा जवळजवळ रिकामा. खोलात उगवलं तर वर पोचायच्या आत उपाशी मरेल. म्हणून त्याच्यात फायटोक्रोम (उजेड ओळखणारं द्रव्य) असतं. उजेड पडला की ते बियाला कळवतं, वर आलंस, ऊठ आता. नाहीतर बी झोपून राहतं, कधीकधी वर्षानुवर्षं."

"म्हणजे शेत नांगरलं की झोपलेलं बी वर येतं!"

"आणि निंदून थकलेला माणूस म्हणतो, हे आलं कुठून! बरोबर. आण बरणी."

बरणीच्या तळाशी अजून मूठभर बी होतं. या वेळी आम्ही ते ओल्या मातीवर नुसतं भुरभुरलं, हलकेच दाबलं आणि वर पारदर्शक कागद ताणला. ट्रे कमी पडले. मग मी दारातलं ते खोकं ओढत आणलं आणि त्यातच माती भरली.

सूर्य परत आला त्या आठवड्यात खोकं हिरवंगार होतं. बत्ता पानं अशी ओढायचा की त्याचं डोकं हिसके खायचं. इंग्रिडबाईंनी कवचाची कड बोटाने दाबली, वजन केलं, पुन्हा दाबली. माझा जीव टांगणीला लागला होता.

"पूर्ण बरं व्हायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "पण टणक होतंय. राहू दे दोघांना इथेच."

मी इंग्रिडबाईंना मिठीच मारली. आजोबा म्हणाले, उद्या चंद्रावर वस्ती झाली तर हेच तण सोबत न्यावं, फारसे लाड न करता येतं. मी म्हटलं, मी नेईन.

आजोबांनी खुरप्याला नवा धडा शिकवला. डँडेलियन म्हणजे पीक, ते राखायचं. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून आवाज आला, "तण आढळले. काढू का?"

खोक्याच्या कोपऱ्यात नाजूक, झालरीच्या पानांची चार रोपं होती. आई पोह्यांचा झारा हातात घेऊनच धावत आली.

"खबरदार! ती माझी कोथिंबीर आहे!"