डाव्या बाकाखालचे दगड

लाँच-सेवेचे नवे व्यवस्थापक साहेब बूट-टायसकट कमरेएवढ्या पाण्यात पडले. पण कार्यालयाच्या नोंदवहीत तशी नोंद नाही, म्हणून ते पडलेच नाहीत असं धरून आपण पुढे जाऊ.

सुट्टीत फिरकी, तिचा मामेभाऊ ढब्बू आणि कायम मागे मागे येणारा धाकटा भाऊ शेपूट असे तिघे आजोबांकडे आले होते. तलावावरची प्रवासी लाँच आजोबांनी तीस वर्षांपूर्वी बांधलेली. एरवी ते पहिल्याच दिवशी पोरांना तिच्यातून फिरवून आणायचे. यंदा मात्र समोर जुना आराखडा पसरून बसले होते.

भानगड अशी होती, की लाँचच्या डाव्या बाकाखाली एक कुलूपबंद पेटी होती आणि पेटीत तीनशे किलो दगड. ते कशासाठी, असं साहेबांनी विचारलं आणि आजोबांना काही केल्या आठवेना. सोमवारपर्यंत लेखी कारण आलं नाही, तर पेटी निघणार होती. शिवाय ज्याला आपली जुनी लाँच कळत नाही, त्याला नवी बांधायचं काम मिळणार नव्हतं.

फिरकीने आराखडा ओढून घेतला. त्यात प्रत्येक वस्तूपुढे 'कारण' असा रकाना होता आणि प्रत्येक रकान्यात वळणदार अक्षरात एकच उत्तर होतं: 'उघड आहे.'

"कोणाला उघड आहे, आजोबा?"

"तेव्हा मला होतं की," आजोबा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

पेटीत खजिना असणार, असं ढब्बूचं मत पडलं. कुलूप उघडून पाहिलं, तर दगडच निघाले. ढब्बूने मत बदललं नाही. फिरकीने टेप घेऊन मोजमाप केलं. इंजिन मधोमध, टाकी मधोमध. रिकामी लाँच तर दगडांमुळे चक्क डावीकडे कलत होती! म्हणजे आजोबांनी मुद्दाम वाकडी लाँच बांधली होती?

रविवारी तिघांनी लाँचमधून सात फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला, धक्का जवळ आला तेव्हा शेपूट बाकावरून गायब झाला. सापडला तो उजवीकडच्या दारापाशी, गर्दीत चेंगरलेला.

"उठलास कशाला रे? अजून थांबली तरी आहे का?"

"सगळे उठले म्हणून."

फिरकीने खाली पाण्याकडे पाहिलं. सगळी माणसं उजवीकडे, आणि लाँच अगदी सरळ! दार उजवीकडे एकच होतं, आणि तीस वर्षं लोक धक्का यायच्या आधीच त्याच्यापुढे गोळा होत होते. डावीकडचे दगड त्यांनाच तोलत होते.

सोमवारी साहेबांनी फिरकीने लिहिलेला कारणाचा कागद वाचला आणि ते पोटभर हसले. माणसं इतकी उतावळी नसतात, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मग पेटी काढूनच पाहू या ना, काका," फिरकी म्हणाली. "धक्क्यापाशी पाणी उथळ आहे. फक्त तुमच्या कार्यालयातली माणसं घ्या, आणि सगळ्यांना लाइफ जॅकेटं घाला."

साहेब लगेच तयार झाले. कोणीही उठायचं नाही, हे त्यांनी आपल्या तीस कर्मचाऱ्यांना दोनदा बजावलं. धक्का वीस हातांवर आला आणि सगळे बसलेत ना, हे पाहायला साहेब स्वतः उठून दारात उभे राहिले. साहेब उठलेले पाहून उरलेले तीसही उठले.

पुढचं घडलेलं नाही.

साहेब कपडे बदलायला का गेले, हे कोणी विचारलं नाही. दुपारी पेटी जागेवर आली आणि संध्याकाळी नव्या लाँचचं काम आजोबांकडे. "माझी लाँच मला या पोरांनी समजावली," असं ते धक्क्यावर भेटेल त्याला सांगत सुटले. नव्या आराखड्यातला 'कारण' रकाना त्यांनी फिरकीकडे सोपवला. तिने पहिली ओळ लिहिली: 'दगड डावीकडे, कारण दार उजवीकडे आहे आणि माणसं लवकर उठतात.'

साहेबांनीही एक पाटी करून घेतली. ती उजव्या दारावर लावली आहे आणि अक्षरं इतकी बारीक आहेत, की वाचायला उठून तिथपर्यंत जावं लागतं:

'लाँच धक्क्याला लागून पूर्ण थांबेपर्यंत सर्व प्रवाशांनी आपापल्या जागी बसून राहावे, ही नम्र विनंती. – आज्ञेवरून.'