श्रीशैलचा रिकामा गळा

"दामिनी, बंद कर तो पिक्चर... तुझ्या पाया पडते!" असं म्हणत सुकन्या टीव्हीसमोर आडवी उभी राहिली, आणि निलंग्याहून माहेरी आलेली तिची नणंद हातात रिमोट धरून बघतच राहिली.

"वयनी, असं काय करून राहिल्या? तुमच्या अमेरिकेचाच हाय. बिनकागदाच्या मान्सायला पकडतेत, बाप तिकडं, लेकरं इकडं..."

"तिला म्हणावं बाजूला हो," पलंगावरून नागम्मा बोलल्या. सुनेचं नाव त्या आता घेत नसत. "बघू दे मला, माझं लेकरू बिघडवणारा मुलूख कसला हाय त्यो."

सुकन्या बाजूला झाली. न होऊन सांगते कुणाला! नागम्मांच्या हृदयात लातूरच्या डॉक्टरांनी स्टेंट घातला, तेव्हा सासूच्या सेवेला म्हणून ती लहान लेकीला घेऊन एकटीच अमेरिकेहून उदगीरला आली होती, आणि तिची पाठ वळली तशी तिकडे तिच्या नवऱ्याची, श्रीशैलची कंपनी बुडाली, व्हिसा संपला आणि एका पहाटे त्याला घरातून उचलून नेलं... कोठडीतून त्याने एकदाच व्हिडिओ कॉल केला. "अव्वाला कळू देऊ नको, तिला सोसायचं नाही," असं त्याने कॉल लागताच बायकोला दबक्या आवाजात बजावलं. पण तेवढ्यात सुकन्याच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या आईची नजर नेमकी त्याच्या गळ्यावर गेली. जंगमस्वामींनी लहानपणी बांधलेलं इष्टलिंग, जे लिंगायताच्या अंगावरून मरेपर्यंत उतरत नाही, ते त्या गळ्यात नव्हतं! नागम्मा छाती दाबून मटकन खाली बसल्या. लेक कोठडीत आहे हे त्या क्षणी त्या माउलीला सांगायचं तरी कसं? सुकन्याच्या तोंडून निघून गेलं, "मीच काढायला लावलं, आत्याबाई... तिकडं लोक हसतेत."

झालं! तेव्हापासून तीन महिने नागम्मांनी लेकाचं नाव टाकलं होतं आणि सुनेच्या हातचं पाणीसुद्धा वर्ज्य केलं होतं. 'धर्मबुडवी' हा शब्द सुकन्याने रोज मुकाट ऐकला. अपमान गिळता येतो हो... पण त्याच हातांनी सासूच्या गोळ्या वेळेवर काढून ठेवायच्या, आणि त्या दुसऱ्याने नेऊन द्यायच्या, याचं दुःख तिने कुणाजवळ सांगावं?

टीव्हीवर एका बापाला भिंतीपाशी उभं केलं होतं. पट्टा काढ. बुटाच्या नाड्या काढ. मग अंगठी. मग गळ्यातला देवाचा ताईत... तो त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, पण शिपायाने नुसती मान हलवली आणि ताईत प्लास्टिकच्या पिशवीत गेला. नागम्मांना ती भाषा कळत नव्हती. कळायची गरजही पडली नाही.

"दामे, थांबव ते!"

दामिनीने बटण दाबलं. नागम्मांनी मान वळवून सुनेकडे बघितलं.

"गळ्यातलं पन काढून घेतेत? ...सुकन्या, खरं सांग. माझ्या श्रीशैलला पकडलं व्हतं?"

सुकन्याच्या डोळ्यांना धार लागली. "हाव, आत्याबाई... पण सुटले ते! चार दिवस झाले. येत्या शुक्रवारी हैदराबादला उतरून राहिलेत. म्हणले, अव्वाला मीच समोर बसून सांगतो."

"आन् लिंग?"

"पिशवी हातात मिळाली तसं, रस्त्यातच उभं राहून आधी ते गळ्यात घातलं... मग मला फोन केला."

नागम्मांनी इतका लांब श्वास सोडला की दामिनी घाबरून जवळ धावली. पण त्यांना काहीच झालं नव्हतं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांची छाती हलकी झाली होती.

"मंग माझं एवढं बोलणं कशापायी खाल्लंस गं, येडे?"

"माझ्यावर रागवून का होईना, तुम्ही धड राहिल्या... मला तेवढंच पाहिजे होतं."

हे ऐकलं आणि नागम्मांनी सुनेला ओढून कवटाळलं! दोघी किती वेळ रडल्या ते दामिनीलाही सांगता आलं नसतं, कारण ती स्वतःच हुंदके देत होती.

"लाव त्याला फोन," नागम्मा पदराने तोंड पुसत म्हणाल्या.

"अव्वा?" पलीकडून श्रीशैलचा भांबावलेला आवाज आला. "अव्वा, तू बोलून राहिलीस?"

"अव्वा मागनं म्हण! त्यांनी तुला कोंडलं, आन् हितं हिला म्या कोंडलं, बाबा... गप ऱ्हायला लावलंस तू हिला, आधी तू तिची माफी माग. मंग म्या मागते."