न पाहिलेला पाऊस

सोमवारचा सिनेमा संपला, लोक उठले, आणि तो मात्र दोन दारांच्या बरोब्बर मधे खांबासारखा उभा राहिला.

"पुढे सरक ना," मी म्हटलं. "मागे लोक खोळंबलेत."

"पण जायचं कुठल्या दाराने?"

"नायक शेवटी यंत्रातून सुटून खऱ्या जगात आला असं वाटत असेल, तर डाव्या. अजून आतच अडकलाय असं वाटत असेल, तर उजव्या. तिकिटाच्या मागे लिहिलंय की!"

"आणि ठरतच नसेल तर?"

"तर बस इथेच. थोड्या वेळाने मी झाडू मारायला येते, तेव्हा तुलाही भरते कचऱ्यात."

तो एका बाजूनेच हसला... डाव्या. मग डाव्या दाराने गेला. त्याच्या एका पायात हिरवा मोजा होता आणि दुसऱ्यात निळा. मी पाटीवर एक रेघ वाढवली.

ही दोन दारांची पद्धत डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या आमच्या फिल्म क्लबात माझ्या जन्माआधीपासून आहे. दर फेब्रुवारीत आठवडाभर आभासी जगाचे सिनेमे लागतात, संध्याकाळी पाचला, रोज एक. डाव्या दाराचे आणि उजव्या दाराचे लोक मग बाहेर कॉफी घेऊन समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांना टोमणे मारतात. डावे म्हणजे भाबडे, उजवे म्हणजे जन्माचे संशयी. आमचा अध्यक्ष प्रेबेन बहात्तर वर्षांचा, पण क्लबात सगळे अरेतुरेतलेच. रेघा मोजून निकाल तोच सांगतो.

पाच मिनिटांनी तो हिरव्या-निळ्या मोज्यांचा माणूस परत आला. हातात शुक्रवारच्या सिनेमाचं माहितीपत्रक.

"हे जिने लिहिलंय ती मारेन होल्म कोण?"

"का? काय केलं तिने?"

"मला तिला बघायचंय."

"बघतोयस."

त्याने खरंच बघितलं. एवढं सावकाश की माझ्या हातातला खडू पाटीवरून घसरला. मग त्याने ते पत्रक चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, कारण बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता.

"मी येपे. शुक्रवारी येणारच आहे," तो म्हणाला. "पण मधले दिवसही येईन म्हणतो."

आता खरं सांगून टाकते. शुक्रवारचा सिनेमा मी पाहिलेलाच नव्हता.

'सातवी खोली' हा पन्नास वर्षांपूर्वीचा हंगेरियन सिनेमा. त्याची एकच प्रत उरलीये, तीही बुडापेस्टच्या एका संग्रहात. शरदातल्या बैठकीत प्रेबेनने विचारलं होतं, "कोणी पाहिलाय?" आमच्या क्लबात 'पाहिला नाही' हे शब्द कोणी उच्चारत नाही. लोक म्हणतात, 'फार वर्षं झाली पाहून', किंवा नुसतीच मान डोलावतात. त्या दिवशी सगळे डोलावत होते. मी एक पायरी पुढे गेले... मी हात वर केला. अशी लोणकढी थाप मारल्यावर पत्रक लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडणार, हे मला कळायला हवं होतं.

माझ्याकडे होतं काय? एका जुन्या मासिकातला एक परिच्छेद आणि एक फोटो. फोटोत खिडकीशी उभी असलेली बाई. बाकी सगळं मी वाचनालयातल्या माझ्या टेबलावर बसून रचलं. लिहिलं की शेवटी ती बाई खिडकी उघडून हात बाहेर काढते आणि तळहातावर पाऊस घेते. पुढे लिहिलं: 'खोटं जग तुमच्याशी बोलेल, मान डोलवेल, प्रेमही करेल. पाऊस यातलं काही करत नाही. तो नुसता भिजवतो.'

लिहिताना मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं! आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

मंगळवारी येपे कॉफीच्या रांगेत माझ्या मागे. दोन हातांत दालचिनीचे दोन पाव, माझ्या डोळ्यांसमोर धरलेले.

"कुठला जास्त स्पष्ट दिसतो? एक... की दोन?"

"हा काय प्रकार?"

"धंदा आहे माझा. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर हेच विचारतो लोकांना. एक की दोन?"

"दोन."

"दोनवर साखर जास्त आहे. म्हणजे नजर चांगली आहे तुझी." त्याने पाव माझ्या हातात ठेवला. "ते तर मला पत्रक वाचूनच कळलं होतं."

मी तो पाव कागदात गुंडाळून खिशात टाकला.

बुधवारी सिनेमा संपल्यावर तो उजव्या दाराने गेला आणि गप्पगप्पच होता. मी म्हटलं, "काय रे, एका दिवसात संशयी झालास?"

"सवय आहे," तो म्हणाला. मग कपातल्या कॉफीशी बोलल्यासारखं सांगू लागला. "माझी एक मैत्रीण होती. नोकरीसाठी न्यूझीलंडला गेली. आम्ही रोज व्हीआरचा चष्मा लावून भेटायचो. तळ्याकाठी घर घेतलं होतं आम्ही... म्हणजे, त्या चष्म्यातलं. मी बोलायचो, ती ऐकायची, मान डोलवायची. फार छान ऐकायची."

"मग?"

"मग एकदा मी म्हटलं, माझी आई आजारी आहे. तिने मान डोलवली. मी म्हटलं, घराला आग लागलीये. तरी मान डोलवली. ती स्वतःचं चित्र तिथे उभं करून जेवायला निघून जायची, मारेन. तीन आठवडे मी एका चित्राशी बोलत होतो."

मला हसूही आलं आणि त्याचा हात धरावासाही वाटला. दोन्ही केलं नाही.

"चष्मा विकून टाकला," तो म्हणाला. "नंतर वाचनालयात तुझं पत्रक हाती लागलं. 'मान डोलवेल, प्रेमही करेल...' वाटलं, हिला कसं कळलं? त्या सिनेमात हे आहे, आणि या मुलीला ते दिसलंय. म्हणून आलो."

तीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि सांगायचं. तो माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी कुठूनतरी काहीतरी मौल्यवान बघून आले आहे. असं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. मी... मान डोलवली.

गुरुवारी तर कहर केला. त्याने विचारलं, "पाऊस हातावर पडतो तेव्हा ती रडते का?"

"नाही," मी म्हणाले. "हसते. मोठ्याने."

एक खोटं पचवायला दुसरं लागतं म्हणतात ते असं. सायकल हातात धरून आम्ही नदीच्या कडेने चालत होतो. वाराच एवढा होता की सायकलवर बसण्यात अर्थ नव्हता. वळणावर त्याने माझा सुटलेला मफलर नीट गुंडाळून दिला आणि बोटं क्षणभर तिथेच ठेवली. एवढं हवंहवंसं वाटत असताना एवढी लाज वाटावी, हे माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आलं. घरी जाऊन मी देवाला साकडं घातलं. मी चर्चमध्ये नाताळापुरतीच जाते, तरी म्हटलं, बाबा रे, त्या सिनेमात शेवटी पाऊस असू दे. निदान रिमझिम.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. येपे तिसऱ्या रांगेत, त्याच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी कोट ठेवून धरलेली. कोटावर ते पत्रक, घड्यांवर मऊ पडलेलं.

सिनेमा सुरू झाला. ती फोटोतली बाई एकेका खोलीतून पुढे जात राहिली. शेवटच्या खोलीत खिडकी आली. येपे पुढे सरकून बसला. बाई खिडकीशी गेली, क्षणभर थांबली... आणि तिने झडपा लावून घेतल्या. कडी घातली. अंधार. समाप्त.

दिवे लागले. आधी पत्रकं चाळल्याचा आवाज आला. मग कुजबुज. मग एकेक मान माझ्याकडे वळली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, मी पायाखालच्या फरशीकडे खरंच आशेने बघत होते.

प्रेबेन उभा राहिला. भला माणूस. घसा खाकरून म्हणाला, "त्या काळात परदेशी पाठवायच्या प्रतींना कधीकधी वेगळा शेवट जोडायचे. मारेनने बहुतेक तो पाहिला असेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. येपेनेही डोलावली. सुटल्यासारखा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "हां! तरीच."

मला फक्त गप्प बसायचं होतं. पण ती त्याची डोलणारी मान मला बघवेना.

मी उठले. "वेगळी प्रत वगैरे काही नाही," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण फाटका. "मी हा सिनेमा पाहिलाच नव्हता. आज पहिल्यांदा पाहिला. पत्रकातला शेवट मी मनाने लिहिला. हात वर करून बसले होते, मग खाली घेता येईना."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. प्रेबेन चष्मा पुसत बसला. येपेने पत्रक उचललं, कोट उचलला आणि चालू लागला. कुठल्या दाराने गेला ते मी पाहिलं नाही. मी फरशीकडेच बघत होते.

लोक गेल्यावर मी झाडू मारला. खुर्च्यांवर राहिलेली पत्रकं गोळा केली, प्रत्येकावर माझं नाव. एकूण एक फाडली. मग मागच्या बाजूला सायकल काढायला गेले, तर येपे आपल्या सायकलच्या कुलपाशी खटपट करत असल्याचं सोंग करत उभा. कुलूप उघडंच होतं.

"बुधवारी मी तुला सगळं सांगितलं," तो म्हणाला. "तेव्हा का नाही बोललीस?"

"तू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतास ना... ती जाईल म्हणून."

"गेलीच आता."

"माहितेय."

बर्फाचे ओले कण दिव्याखाली पडत होते. त्याने ते केसांवरून झटकले. "आणि ती हसते म्हणालीस, मोठ्याने? ते कुठून आणलंस?"

"ते माझं. मी असते तर हसले असते." रडू येत होतं, तरी बोलले, "मला तू आवडतोस, येपे. म्हणूनच त्या प्रेबेनचं गोड खोटं मी घेतलं नाही. तू विश्वास ठेवला असतास."

त्याने ते उघडं कुलूप काढून खिशात टाकलं. मग सायकल भिंतीला टेकवून समोर येऊन उभा राहिला. डोळे तपासताना उभा राहत असेल तसा, जवळ आणि सरळ.

"एक गोष्ट सांग," तो म्हणाला. "ऐकलेली नको, वाचलेली नको. या आठवड्यात तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट."

मला विचार करावाच लागला नाही.

"सोमवारी तुझ्या एका पायात हिरवा मोजा होता आणि एका पायात निळा. पत्रक तू चार घड्या घालून आतल्या खिशात ठेवलंस, भिजू नये म्हणून, आणि टोपी मात्र हातातच धरून गेलास. डोकं ओलं, कागद कोरडा. कॉफी पिताना तू आधी कपावर फुंकर घालतोस, गार झाली असली तरी. मफलर गुंडाळून झाला तरी तुझी बोटं क्षणभर तिथेच होती. आणि हसतोस तू फक्त डाव्या बाजूने."

त्याने खाली वाकून विजारीचा पाय वर केला. आज एक करडा होता, एक पिवळा.

मग तो हसला. मोठ्याने, दोन्ही बाजूंनी.

हे मात्र मी स्वतः पाहिलंय.