नव्वद मीटरवरचं पाळणाघर

घाटमाथ्यावरच्या कण-आघातकात मेसॉन हा क्षणभंगुर कण फुटला की त्याचे सगळे तुकडे पकडायचे आणि ऊर्जेची बेरीज जुळते का ते पाहायचं, हे डॉ. मंदाकिनी खासनीस यांचं काम. जी ऊर्जा कमी भरते, ती घेऊन एखादा अदृश्य कण पळालेला असतो. आज तो सापडला होता आणि मंदाकिनीबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

“सर, तो कायमचा अदृश्य नाही,” त्या संचालक गोरक्षकरांना म्हणाल्या. “नव्वद मीटरवर फुटतो, गॅमा किरण सोडतो. तिथे आपलं पाळणाघर आहे. माझी इरा तिथे असते!”

“माहीत आहे.” गोरक्षकर शांतपणे चहा ढवळत होते. “जुन्या नोंदींत मला खूण दिसली होती. म्हणून तर पाळणाघर तिथे हलवलं. शोधकयंत्राला जे दिसत नाही, ते रक्तात दिसेल. मुलांच्या तुकड्या दोन, सकाळची आणि दुपारची. एकीच्या वेळेत मेसॉन बनतील एवढी ऊर्जा, दुसरीच्या वेळेत किंचित कमी. कोणती कुठली, ते यंत्रानं ठरवलं. मलाही ठाऊक नाही. निकालाआधी नोंदी उघडायच्या नाहीत, हा नियम तुमचाच ना?”

त्यांचाच होता. संशोधकाचा मोह निकालात शिरू नये म्हणून मोठ्या तोऱ्यात लिहिलेला.

“मी उघडणार.”

“उघडा. प्रयोग मोडेल, मग कोणाचं रक्त तपासायचं कारण उरणार नाही. यंत्र कालच थांबलंय. वर्षभराचा मारा झाला तो झाला.”

बाईंनी संकेतशब्द टाकला. मेसॉन बनवणारी वेळ कोणती, याचं उत्तर आलं: दुपार.

इरा सकाळच्या तुकडीत होती. बाई मोठ्यानं हसल्या. एवढा आनंद त्यांना कुठल्याही शोधानं झाला नव्हता. दुपारची अकरा मुलं त्यांना मिनिटभर आठवलीसुद्धा नाहीत.

बारा वाजता त्या पाळणाघरात पोचल्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी शर्वरी लेकाला दुपारसाठी सोडायला आली होती.

“मंदाताई, ओजसला हल्ली सारखा ताप येतो गं. डॉक्टर म्हणतात, हवा बदलतेय. तुला काय वाटतं?”

सांगितलं असतं, तर शर्वरीनं पहिल्यांदा हेच विचारलं असतं, की नोंदी उघडल्यावर तुला आधी कोण आठवलं.

“हवाच असेल,” मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी इराला कडेवर घेतलं.