चंद्रावरची सीतेची वेणी

रोज पाणी मिळूनही एखादं झाड तहानेनं सुकेल का?

चांद्रवसाहतीत जन्मलेली ऋजुता याच कोड्यात पडली होती. तिचे आजोबा डॉ. विश्राम धुरी वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी आंबोलीहून आणलेली सीतेची वेणी, म्हणजे फांद्यांवर वाढणारी एक आमरी (ऑर्किड), झाडाच्या सालींनी भरलेल्या टोपलीत लावून खोलीत टांगली होती. कितीतरी वर्षांनी तिला पहिला तुरा आला, आणि आता कळ्या पिवळ्या पडून गळत होत्या.

"अप्पा, मी तर रोज पाणी घालते हो!"

अप्पा सर्दीनं बेजार होऊन शाल पांघरून बसले होते. "कुठे घालतेस?"

"टोपलीतल्या सालींवर."

"आणि मुळं?"

ती तर टोपलीबाहेर हवेत लोंबत होती. रुपेरी, सुरकुतलेली.

"त्यांना भोवतालची हवाही ओलसर लागते," अप्पा म्हणाले.

ऋजुतानं आर्द्रतामापक (हवेतली ओल मोजणारं यंत्र) पाहिला. "अडतीस टक्के! परवा साठ होती. मग वाफ गेली कुठे?"

"कुठेच नाही. माझ्या सर्दीपायी आपण खोली तापवली. गरम हवेत जास्त वाफ मावते. वाटीभर पाणी तांब्यात ओतलं तर?"

"तांब्या रिकामाच वाटेल."

"तसंच हे. पाणी तेवढंच, भांडं मोठं झालं! सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला वाटा) घटली. मग ही हवा झाडाचीच ओल ओढून घेऊ लागली. ऊब कमी कर बघू. मी आणखी एक शाल घेईन."

ऋजुतानं ऊब कमी केली. टोपलीखाली पाणी आणि खडे घातलेलं तबक ठेवलं. पानांतून वाफ सोडणारे नेचे शेजारी आणले. मग ती सगळ्यावर प्लास्टिक पांघरू लागली, तसे अप्पा ओरडले, "अगं, कोंडलेल्या ओलीत बुरशी माजते! वारा खेळायला हवा." तिनं छोटा पंखा लावला. शेवटी तिनं मुळांवर बारीक फवारा मारला.

आणि तिचे डोळे विस्फारले. रुपेरी मुळं बघता बघता हिरवीगार झाली!

"मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं," अप्पा हळूच म्हणाले. "ते भिजलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसतो."

"पण इथे ना पाऊस, ना नदी. हे पाणी आलं कुठून?"

"वसाहतीच्या हवेतून गाळलेलं. त्यात नेच्यांची वाफ आहे. तुझा-माझा श्वाससुद्धा आहे."

ऋजुता कितीतरी वेळ त्या मुळांकडे बघत राहिली. आपला श्वास झाड पीत होतं!

उरलेल्या कळ्या तगल्या. एका सकाळी गुलाबी ठिपक्यांची वेणी उमलली, आणि तिच्या मंद वासानं बोळातून जाणारी माणसं बोलता बोलता थांबली.

अप्पांनी ऋजुताच्या हाती एक नाजूक काडी दिली. "या फुलाचे पराग त्या फुलात ठेव. इथे मधमाश्या नाहीत ना! शेंग धरली, तर तिच्यात धुळीसारख्या हजारो बिया असतील."

"हजारो?" ऋजुता पुटपुटली, आणि जपून फुलावर वाकली.