स्टुडिओतला काळा कोट

जरा जवळ सरका, नेत्राचं सांगायचंय. आणि मध्येच कोणी उठून जाऊ नका. गोष्ट भर दुपारची आहे, पण स्टुडिओला खिडकीच नसली की दुपार काय नि रात्र काय, सगळं सेमच.

उल्हासनगर कॅम्प पाचमधला जुना स्टुडिओ नेत्रानं भाड्यानं घेतला होता आणि आज तिचं पहिलं पोर्ट्रेट होतं. पप्पांनी साफ सांगून ठेवलेलं, "हा फोटो बघून ठरवू. जमला नाही तर सोमवारपासून माझ्या कंपनीत, गपचूप." त्यामुळे बाईसाहेब सकाळपासून भिंगरीसारख्या फिरत होत्या. पडद्याला इस्त्री मार, फ्लॅशचा स्टँड सरकव, वायरींना चिकटपट्टी लाव. मदतीला अंबरनाथहून चुलत भाऊ भूपेशदादा हाफ डे टाकून आलेला. त्याची टकळी एक मिनिट बंद नाही.

"नेतू, तू फोटोग्राफर, मी मॅनेजर. मग कटिंग चहा कोण आणणार?"

"तूच! पण आधी स्टूलवर बस, लाइट लावून बघायचाय."

गिऱ्हाईक होत्या कमळाबाई, बदलापूरकडच्या गावातल्या आजी. माणूस गेल्यावर भिंतीवर लावून हार घालतात तो फोटो त्यांना जिवंतपणीच काढून ठेवायचा होता. आणि इथंच काढायचा होता, कारण त्यांच्या मोठ्या भावाचा, चंदूचा फोटो इथंच बनलेला. हो, बनलेलाच. चंदू तरणाताठा नदीत बुडून गेला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मग तेव्हाची पद्धत अशी, की घरातल्याच मिळत्याजुळत्या माणसाला स्टुडिओचा काळा कोट घालून बसवायचं, फोटो काढायचा, आणि वरून ब्रशनं नाकडोळे गेलेल्या माणसाचे करायचे.

तो कोट अजून खुंटीला होता. मालक जयदेव अंकल चावी देताना म्हणालेले, "बेटा, किसी को ये पहनाया ना, तो नाम लेके उठाना. उसका खुद का नाम. मेरे पापा हमेशा ऐसे ही उठाते थे." नेत्राला तेव्हा हसूच आलं होतं. काय एकेक फंडे लोकांचे!

पण आजी गडद लुगडं नेसून येणार आणि दादा बसलाय पांढऱ्याफेक शर्टात. लाइटचा अंदाज येणार कसा?

"दादा, तो कोट घाल ना."

"ईऽ, डांबरगोळ्यांचा वास मारतोय. लग्नाच्या वरातीत पण मी असला..."

घातला एकदाचा. नेत्रानं एक फोटो काढला. दुसरा काढला. दादाची बडबड चालूच.

"नेतू, हा कोट ना... आतून गार लागतोय गं... ओला..."

आणि तो गप्प झाला.

नुसता पंखा कुरकुरत होता. डांबरगोळ्यांच्या मागून कसला तरी वास आला, चिखलाचा, शेवाळाचा. दादा ताठ बसलेला. हळूहळू त्यानं कोटाची बटणं लावली. पार गळ्यापर्यंत.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. आजी आल्या!

नेत्राला अंकलचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. पण मोठ्या भावाला नावानं हाक? घरी कळलं असतं तर आईनं थोबाड फोडलं असतं. आणि दादानं अंबरनाथपर्यंत पिडलं असतं ते वेगळंच.

"दादा, उठ ना लवकर!"

तो उठला. सावकाश. कोट काढून खुंटीला लावला आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

आजी स्टूलवर बसल्या, पण चेहरा दगडासारखा. नेत्रानं सगळे जोक मारून बघितले, आजी हसतील तर शपथ. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली आणि सुरकुत्यांतून एकदम लहान मुलगी बाहेर आल्यासारखं झालं. डोळे भरलेले, ओठांवर हसू... नेत्रानं बटण दाबलं. तोच फोटो!

"दादा रं..." आजी पुटपुटल्या, "तू कवा आलास?"

नेत्राला वाटलं, म्हातारपण. निघताना आजींनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "घरी ये रं."

"येतो गं, कमे," तो म्हणाला.

कमे? आजींना अशी हाक दादा कशी मारेल? पण तेवढ्यात पप्पांचा मेसेज आला. फोटो तिनं लगेच पाठवला होता ना! 'जमलं. स्टुडिओ तुझा.' ती जागच्या जागी नाचलीच.

मग दोघं बाहेर आले. शटर त्यानंच ओढलं, कुलूपही त्यानंच लावलं. रस्त्यावर उन्हं उतरलेली. तो उभा राहून समोरच्या बिल्डिंगी वरपासून खालपर्यंत बघत राहिला. त्याच्या खिशात मोबाइल वाजला, तर आवाज कुठून येतोय म्हणून तो आजूबाजूला शोधायला लागला.

"दादा...?" आता तिला अंकलचं बोलणं परत आठवलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं नावानं हाक मारली. "भूपेश..."

त्यानं वळूनही बघितलं नाही.

"भूपेश!"

बंद शटरच्या आतून, अगदी हळू आवाज आला.

"नेतू... झाली का गं टेस्ट?... उठू का मी आता?"

ती कुलपाकडे झेपावली. पण चावी...

"कोणाला हाक मारतेस, पोरी?" मागून त्यानंच विचारलं.

चावी त्याच्या मुठीत होती. आणि त्या मुठीतून, टपटप, पाणी गळत होतं.